कमानीच्या सांध्यावरचं कुंकू

वर बघा पाव्हणं, त्या मोठ्या कमानीच्या टोकाला. दोन दगडांच्या सांध्यावर फिकट लाल दिसतंय ना? आमच्या आंबेसरच्या टाऊन हॉलला येणारा परगावचा माणूस रंगीत काचा बघतो, मनोरा बघतो, अन् नेमकं हेच बघत नाही.

हॉल साहेबाच्या अमलातला, विलायती धाटणीचा. कमानीचं काम कोंडाजी आणि येसाजी या पाथरवट भावांकडे होतं. बाप गेल्यापासून दोघांत विस्तव जात नव्हता. म्हणून कोंडाजीनं डावी बाजू चढवली, येसाजीनं उजवी. आता पाथरवटांची रीत अशी, की कमानीचा शेवटचा दगड बसला की घरातल्या थोरल्या बाईनं, मग ती विधवा का असेना, त्याला हळदकुंकू लावायचं. आपल्या गोल कमानीत तो दगड मधोमध, एकच. साहेबाच्या नकाशातली कमान टोकदार, तिला मधला दगडच नाही! दोन बाजू वर जाऊन एकमेकींना टेकणार. मग शेवटचा दगड कुणाचा? आधी बसवील त्याचा मान गेला. दोघेही हटून बसले.

असं सांगतात, की टोकाची फट तशीच राहिली आणि खालचा लाकडी साचा कुजत चालला. कमान त्याच्यावरच तोललेली; तो खचला असता तर अख्खी कमान जमीनदोस्त झाली असती. त्यांची आई साळूबाई समजावून समजावून थकली. शेवटी हळदकुंकवाचं ताट घेऊन ती कमानीखालीच जाऊन बसली म्हणे.

"मेल्यांनो, तुमचा मान तुम्हाला लखलाभ! मी इथनं उठत नाही."

तेवढ्यात साचा करकरला. आईच्या पदरावर माती गळाली. मग कसला मान अन् कसलं काय! दोघे दोन शिड्यांनी वर धावले आणि दोन्ही दगड एकदमच बसले. साचा एका अंगाला झुकला, कमान मात्र जागची हलली नाही. म्हातारी परांचीवर चढली आणि तिनं बरोबर सांध्यावर कुंकू लावलं. खाली उतरल्यावर खूप रडली.

तेव्हापासून दर दसऱ्याला दोन्ही घरांतला एकेक जण दोन शिड्यांनी चढतो आणि दोघं मिळून कुंकू लावतात. एकट्यानं लावायचं नाही. काय गर्दी असायची हो! वाटणीवरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा त्या दिवशी कमानीखाली येऊन उभे राहायचे. आता नगरपालिका नव्या इमारतीत गेली, इथं कबुतरं राहतात.

मी कोंडाजीच्या घरचा. येसाजीच्या घरातला शेवटचा आमचा तात्या. जन्मभर माझ्याशी भांडला, पण दसरा कधी चुकवला नाही. आषाढात गेला बिचारा. फार आठवण येते हो त्याची.

आज दसरा. आजही शिड्या दोनच लावल्यात, बघा. चपला काढा, पाव्हणं. तुम्ही तिकडून चढा.