जासिंताची भीती आणि मोगऱ्यातली परी

खाडीच्या काठाला केळीच्या हिरव्यागार बागा होत्या, आणि बागांच्या अगदी टोकाला जासिंताचं घर होतं. घर कसलं, घरटंच ते. दोन खोल्या, एक निळं दार आणि मागं इवलीशी मोगऱ्याची वाडी. वाडीत एक बुटक्या कठड्याची विहीर. तिचं पाणी इतकं गोड, की फुलपाखरंसुद्धा कठड्यावर उतरून थेंब थेंब पिऊन जायची.

पण त्या वर्षी मे महिन्यात ऊन असं काही तापलं, की विहिरीतलं पाणी तळाला गेलं आणि खाडीचं पाणी आत शिरलं. गोड पाणी खारट झालं. एकट्या जासिंताच्याच घरी नाही, साऱ्या आळीच्या विहिरी खारट झाल्या. मोगऱ्याची पानं आधी कडेनं करपली, मग पिवळी पडली, मग गळून गेली. जासिंताचे बाबा देवाघरी गेले होते, आणि मोगऱ्याच्या कळ्या विकूनच आई घर चालवायची. आता कळ्या नाहीत. त्यात आईला ताप भरला. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. डॉक्टरबाईंनी औषध दिलं आणि सांगितलं, "गोड पाणी भरपूर प्यायला द्या. अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका."

म्हणून जासिंता रोज पार देवळाजवळच्या, म्हणजे चर्चजवळच्या, विहिरीवरून छोटी कळशी भरून आणायची. आठ वर्षांची पोर ती. कळशी कमरेवर, घाम कपाळावर. आणि पोटात भीती. आईला काही झालं तर? हे पाणी पण संपलं तर? मग बिबीला कोण सांभाळणार? बिबी म्हणजे तिची धाकटी बहीण, नुकतीच चालायला लागलेली. जासिंता ही भीती कुणाला सांगायची नाही. आईला सांगावं तर आई अजून आजारी पडेल, आणि बिबीला सांगून काय कळणार?

त्या आळीत एक रीत होती. मे महिना म्हणजे मरियामातेचा महिना. रोज संध्याकाळी सगळी आळी तिठ्यावरच्या पांढऱ्या क्रुसापाशी जमायची. एकेका दिवशी एकेका घराचा वार असायचा. ज्या घराचा वार, त्या घरानं क्रूस धुवायचा, हार घालायचा, प्रार्थना सांगायची, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे.

त्या दिवशी जासिंताच्या घराचा वार होता.

शेजारची फिलूमावशी सकाळीच खिडकीत आली. "कार्मेलीन, तू अंथरुणावर. तुझा वार मी घेते. माझ्या घरी चणे भिजलेलेच आहेत."

"नको गं फिलू," आई म्हणाली.

"नको काय नको! बसता येत नाही नि वार करते म्हणे. क्रूस कुठं पळून चाललाय का?"

आई हसली, आणि हसता हसता खोकली. "माझी जासू करेल."

"ही? बाय माझे, ही शाळेत हजेरी देते तर बाईंना वाटतं डास गुणगुणला!"

जासिंताचे कान लाल लाल झाले. मावशी गेल्यावर ती आईजवळ बसली. "आई, मला नाही जमणार. आणि आपल्याकडं आहे काय? फुलं नाहीत. चणे मूठभर."

आईनं आपला गरम हात तिच्या गालावर ठेवला. "काही असलं तरच देवापुढं जायचं होय गं? काही नसतं तेव्हा तर धावत जायचं."

दुपारी जासिंतानं चणे उकडले. आईला पाणी पाजलं, बिबीला पाजलं. कळशीच्या तळाशी एक पेलाभर उरलं, ते तिच्या वाट्याचं. पेला घेऊन ती वाडीत सावलीला बसली. बघते तर काय! सगळ्या सुकल्या काटक्यांमधे एका रोपाला एकच चिमुकली कळी लागली होती. कळीनं मान टाकली होती.

"तुला पण तहान लागली ना गं?" जासिंता म्हणाली. पेला तिच्या ओठाशी होता. तिनं तो हळूच रोपाच्या मुळाशी ओतला आणि खाली ठेवला.

माती चुरचुरली. कळीनं मान उचलली. एक पाकळी उलगडली, मग दुसरी, आणि आतून चांदण्यासारखा लखलख उजेड सांडला. त्या उजेडात, करंगळीच्या पेरापेक्षाही छोटी, एक परी बसली होती! तिचा झगा पांढराशुभ्र, त्याला पोपटी काठ. पंख दवाच्या जाळीचे. कपाळावर पिवळ्या परागांची टिकली. तिनं आळस दिला, आणि साऱ्या वाडीत घमघमाट सुटला.

"अहाहा! किती दिवसांनी गोड पाणी!" परी म्हणाली. "आणि तू काय पिणार?"

"मला नाही तहान," असं जासिंता म्हणाली खरी, पण तिचे ओठ कोरडे होते आणि परीला ते दिसत होते.

"मी मोगरपरी. देवबापाच्या बागेतली माळीण. संध्याकाळची घंटा वाजून थांबेपर्यंत मी तुला तीन इच्छा देऊ शकते."

"माझ्या आईला बरं कर!"

परीचे पंख मिटले. "ते माझ्या हातात नाही गं बाळा. जगणं-मरणं देवबापाच्या हातात. मला झाडं कळतात, पाणी कळतं, आणि मनात उगवतं ते थोडंफार कळतं. आणि हो, माझे नियम ऐकून ठेव. मागताना हात रिकामे हवेत. मुठीत काही धरलं असलं तर माझं देणं आत शिरत नाही. आणि काही काढून टाक म्हणालीस, तर ते मुळासकट निघेल. गवत उपटताना शेजारचं रोप पण हातात येतं ना, तसं."

जासिंताला खूप काही मागायचं होतं. पण संध्याकाळ जवळ आली होती. सगळ्यांपुढं उभं राहायचं होतं, आणि तिच्या तोंडातून एकदम निघून गेलं, "माझी भीती काढून टाक!"

"नियम ऐकलास ना?"

"ऐकला. काढ!"

परीनं टाळी वाजवली. आणि खरंच, जासिंताला एकदम हलकं हलकं वाटलं. सावरीच्या म्हातारीसारखं. ती उठली आणि नाचायलाच लागली. निळं फुलपाखरू आलं, त्याच्या मागं पळाली. रंगीत पिसं गोळा केली, दोन्ही मुठी भरून. उरलेल्या दोन इच्छा तिला आठवल्यासुद्धा नाहीत. मागायचं कशाला? काळजी तर काही नव्हतीच.

घरातून आईची हाक आली, "जासू, पाणी." जासिंतानं ऐकलं. आणि नुसतं ऐकलं. परत पिसं वेचायला लागली.

तेवढ्यात बिबी घराबाहेर आली. डुगुडुगु डुगुडुगु चालत. तिनं विहीर बघितली. कठडा बुटका, आणि एका बाजूला ढासळलेला. बिबी त्या ढासळलेल्या बाजूकडं निघाली.

"जासिंता!" परी ओरडली. "अगं, बिबी बघ!"

"बघतेय की," जासिंता म्हणाली. "ती पडेल." जसं काही पान पडेल म्हणावं, तशी म्हणाली.

विहिरीच्या काठाशी बिबी थांबली. मागं वळली. ताईला बघून तिचं सारं तोंड हसलं. चार दात दिसले. "ताई!" तिनं हाक मारली.

हाक आली, पण जासिंताच्या आतून ओ आली नाही. रोज बिबीनं ताई म्हटलं की तिच्या काळजात कसं गुदगुल्या केल्यासारखं व्हायचं. आज तिथं काहीच नव्हतं. मऊ माती उकरून नुसता खड्डा पडावा, तसं. भीती गेली होती, आणि तिच्या मुळांना गुंतलेली माया पण गेली होती.

"परी," ती म्हणाली, "माझं काहीतरी गेलं गं. मला परत दे. सगळं परत दे, भीतीसुद्धा!"

"मुठी सोड!"

जासिंतानं मुठी सोडल्या. लाल, निळी, सोनेरी पिसं वाऱ्यावर उडाली. आणि भीती आली! धाडकन आली, आणि त्या भीतीनंच तिच्या पायांना पळायला लावलं. बिबीचा एक पाय उचललेला होता, तेवढ्यात जासिंतानं तिच्या झबल्याचं टोक पकडलं आणि तिला छातीशी ओढून घेतलं. दोघी मातीत बसल्या. जासिंता रडत होती आणि बिबी तिचं नाक ओढत होती.

"तिसरी माग," परी हळूच म्हणाली. "फक्त बिबीला खाली ठेव. हात रिकामे हवेत."

"इथं? विहिरीपाशी? नाही ठेवणार."

"उशीर होईल."

"होऊ दे."

परी गालातल्या गालात हसली. "मग मला क्रुसावर घेऊन चल."

जासिंतानं बिबीला आईजवळ नेलं, दाराला कडी घातली. आईला शेजारून मागून आणलेलं पाणी पाजलं. मग चण्यांचं पातेलं घेतलं, ते एकुलतं एक मोगऱ्याचं फूल घेतलं, आणि निघाली.

तिठ्यावर सगळी आळी जमली होती. क्रुसावर हार नव्हता. जासिंतानं क्रूस खाऱ्या पाण्यानं धुतला आणि मधोमध ते एक फूल ठेवलं. आकाश शेंदरी, जांभळं झालं होतं. सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं तोंड उघडलं, आणि पाठ केलेली प्रार्थना विसरली. एक शब्द आठवेना. मागं मुलं फिदीफिदी हसली.

"म्हटलं नव्हतं?" कुणीतरी कुजबुजलं. "लहान पोरीला काय उभं करायचं?"

 जासिंतानं लोकांकडं पाठ केली आणि क्रुसाकडं तोंड.

"प्रभू येशू," ती म्हणाली, "मला प्रार्थना आठवत नाही. मला खूप भीती वाटते. आई उठत नाही. पाणी खारट झालंय. बिबी आत्ता पडणार होती. मी कुणालाच सांगितलं नाही. आई सांगते, तू पण एकदा, मरणाच्या आदल्या रात्री, बागेत घाबरला होतास. तुला घाम आला होता. तुझे मित्र झोपून गेले होते. तेव्हा तू तुझ्या बापाला हाक मारलीस. मी तुला हाक मारते. बस्स, एवढंच."

भीती गेली नाही, बरं का. भीती होती तिथंच होती. पण तिच्या पोटात, त्या भीतीच्या शेजारी, कुणीतरी शांतपणे येऊन बसलं. जसं ताप आल्यावर आई उशाशी येऊन बसते तसं. जासिंतानं मागं वळून बघितलं.

मागं कुणी हसत नव्हतं. फिलूमावशी पदरानं डोळे पुसत होती. "मला पण गं बाय," ती म्हणाली, "मला पण भीती वाटते. माझी बाग गेली. बोलून दाखवत नाही एवढंच."

"आमच्या घरी तान्हं आहे," एक तरुण आई म्हणाली. "रोज वाटतं, उद्या पाणी कुठून आणू?"

एकेक जण बोलला. मोठी मोठी माणसं, जी घाबरत नाहीत असं जासिंताला वाटायचं, ती सगळी. मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली, आणि असा आवाज घुमला की माडावरचे बगळे उडाले.

जासिंता चणे वाटायला लागली. मूठभरच होते, म्हणून प्रत्येकाला दोन-दोन. शेवटचे तिनं मघाशी हसलेल्या मुलांना दिले. तिनं रिकामं पातेलं खाली पालथं घातलं, आणि त्याच क्षणी देवळाची घंटा वाजली. टण्ण! टण्ण!

"जासिंता!" फुलातून बारीक आवाज आला. "हात बघ तुझे!"

जासिंतानं बघितलं. दोन्ही हात रिकामे.

"पाणी," ती घाईनं म्हणाली. "गोड पाणी दे. आमच्या विहिरीला." मग तिनं फिलूमावशीकडं बघितलं, तान्ह्याच्या आईकडं बघितलं. "नाही नाही, सगळ्यांच्या विहिरींना!"

"हे मी मोठ्या आनंदानं करीन," परी म्हणाली. "पण जासिंता, आज तू या तिन्हींपेक्षा मोठी इच्छा माझ्याकडं मागितलीच नाहीस. ती जिथं मागायची तिथंच मागितलीस. तो दरवाजा घंटेनंतरही उघडा असतो."

परीनं पंख पसरले. ती आधी चांदीची झाली, मग सोन्याची, मग नुसता उजेडच झाली. क्रूस उजळला, माणसांचे चेहरे उजळले. उजेडाचे बारीक बारीक धागे केळीच्या बागांवरून सुळसुळत गेले आणि एकेका विहिरीत उतरले. घंटा थांबली. क्रुसावर फक्त वास राहिला.

आईचा ताप त्या रात्री उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण आता जासिंता एकटी नव्हती. कुणी पेज आणून दिली, कुणी डॉक्टरबाईंना बोलावून आणलं, कुणी विहिरीचा कठडा बांधून दिला. फिलूमावशी तर तिथंच मुक्काम ठोकून बसली. "मी काय उपकार करत नाही," ती म्हणायची, "मला या विहिरीचं पाणी आवडतं." विहिरीचं पाणी शहाळ्यासारखं गोड झालं होतं. आई ते घोट घोट पीत राहिली, जासिंता रोज हात जोडत राहिली, आणि एका सकाळी आईचं कपाळ गार लागलं. आई उठली. भिंतीला धरत धरत वाडीत आली, आणि तिनं स्वतःच्या हातानं जासिंताची वेणी घातली.

बाळांनो, गोष्ट एवढीच. आज ज्या घरात कुणी आजारी असेल, आणि ज्या घरात एखादी आई किंवा एखादं लेकरू गुपचूप घाबरत असेल, त्या घराच्या विहिरीलाही देवबाप गोड पाणी देवो. आमेन.