पाच मिलिमीटर

“बुवा, माझी मोजपट्टी नवी, तिचे प्रमाणपत्र माझ्या खिशात. मग चूक तुमच्याच मापात नसेल कशावरून?”

हेरंबाने विचारले खरे. पण कपाळावरचा घाम केवळ उन्हाचा नव्हता.

कच्च्या तेलाच्या त्या प्रचंड टाकीचे माप उलटे घेत. छतावरच्या झाकणातून पट्टीला बांधलेला पितळी ओळंबा सोडायचा, तो तेलाला टेकला की वरची रिकामी जागा वाचायची. रिकामे किती ते कळले, की भरलेले किती ते कळे.

आज हेरंबाची परीक्षा होती. दामोदरबुवांच्या आकड्याशी त्याचा आकडा जुळला, तरच त्याला एकट्याने माप घेण्याचा अधिकार. नाहीतर पुन्हा वर्षभर उमेदवारी. संधी तीन, दोन हुकल्या होत्या. दोन्ही वेळा त्याची रिकामी जागा पाच मिलिमीटरांनी कमी भरली होती.

“चाळीस वर्षे चढता आहात, बुवा. डोळे थकतात माणसाचे.”

“थकलेच आहेत.”

बुवा शिडीच्या माथ्यावरील फळीवर गुडघे टेकून होते. तिथूनच हात लांबवून त्यांनी माप घेतले होते. हेरंब छताच्या पत्र्यावर, झाकणाला बूट भिडवून उभा.

“मग मान्य करा ना!”

“करतो... आधी सांग, तू कुठे आहेस?”

“कुठे म्हणजे? टाकीच्या वर.”

“आणि टाकी?”

“माझ्या पायांखाली!”

बुवांनी झाकण मिटून बाटलीतले ओंजळभर पाणी छतावर ओतले.

छताचा उतार कडेकडे होता. पाणी मात्र कडेकडे गेले नाही. ते वळून हेरंबाच्या बुटांशी आले आणि तिथेच साचले.

हेरंब खाली पाहत राहिला.

मग एक पाऊल मागे, दुसरे फळीवर. टण्... दबलेला पत्रा झाकणासकट वर आला. साचलेले पाणी कडेवरून निघून गेले.

तो बुवांशेजारी गुडघ्यांवर बसला. झाकण उघडून त्याने ओळंबा सोडला. पट्टी वर आली. त्याने आकडा वाचला, पुन्हा वाचला.

“जुळला! बुवा, मी म्हटलेच होते, माझी पट्टी चुकायची नाही!”

बुवा शिडीची एक पायरी उतरले आणि थांबले.

“जुळला खरा... तू फळीवर आलास, पण तुझा ‘मी’ पुन्हा पत्र्यावर चढला ना?”