काऊचा घास

कावळ्यांना माणसांचं बोलणं नुकतंच कळू लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका कावळिणीचं पिल्लू काही केल्या चोच उघडेना. ते वाळत चाललं होतं.

झाडाखालच्या अंगणात एक आई बाळाला भरवत म्हणाली, "हा घास काऊचा." कावळीण लगेच कुंपणावर जाऊन बसली. पण घास गेला बाळाच्या तोंडात.

"नाव माझं आणि खातंय कोण," ती घरट्यात येऊन कुरकुरली. "लबाड असतात माणसं."

कावळा हसला. "लबाडी कसली गं? माणसांना एकट्याने घास उतरत नाही. म्हणून तुला पंगतीला घेतलं."

कावळीण उडाली आणि एक अळी घेऊन आली. मग पिल्लापुढे अळी धरून म्हणाली, "हा घास खालच्या बाळाचा."

पिल्लाने वाकून अंगणात पाहिलं आणि भली मोठी चोच उघडली.