बासुंदीचं अत्तर

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण गोष्ट खरी.

आमच्या संस्थानच्या राजेसाहेबांनी हुस्नाबी अत्तरवालीकडून बासुंदीच्या वासाचं अत्तर करवून घेतलं आणि सकाळी मनगटाला चोळलं. दुपारी भरदरबारात गरजले, "वास उडाला! लबाड बाई, दुकानाला टाळं ठोकतो!"

बोलावून आणलेली हुस्नाबी दारातूनच म्हणाली, "वास इथवर येतोय, सरकार. अंगाला लागलेला गोडवा ज्याचा त्यालाच आधी कळेनासा होतो. ही मंडळी दिवसभर किती गोड बोलतात! तो गोडवा तरी सरकारांना कुठे जाणवतो?"

राजेसाहेबांनी मनगट हुंगलं, मंडळींकडे पाहिलं आणि हसून तिला शालजोडी दिली.

ते हसणं आणि ती शालजोडी माझ्या पदरची. टाळं मात्र खरंच लागलं.