तांब्याच्या रांजणातली वाळवी

एका राज्यात बारा वर्षांनी राजकन्या तरंगिणी परत आली. दूरच्या गुरुकुलातून निघताना तिला वाटले होते, वेशीवर हिरवे रान सामोरे येईल आणि आपण आपली विद्या रयतेच्या ओटीत घालू. सामोरे आले ते मेलेले रान. उन्मळलेली झाडे कुजत नव्हती. बारा वर्षांचा पाचोळा कमरेएवढा साचला होता. खालची भुई दगडासारखी. पाऊस पडे आणि वाहून जाई.

तिने तीन दिवस तीन मंत्र जपले. एक पानही हलले नाही.

“झाले पाठांतर?” वठलेल्या सागावरून नुसती हाडे उरलेल्या सुतारपक्ष्याने विचारले. “तुझ्या पित्याने मांत्रिकाकरवी राज्यातली सारी वाळवी रांजणात कोंडली आहे. सिंहासनाखाली बघ. वाळवीच्या राणीशीच बोल.”

तरंगिणीने राजवाड्यात जाऊन रांजणाला कान लावला. आतून आवाज आला, “तीन कामे कर. आधी मेलेले एक झाड भुगा करून मातीत मिसळ.”

सात दिवस तिने कुऱ्हाड चालवली. हातांना फोड आले.

“आता एक घागर पाणी मुरेल एवढी भुई पोखर.”

तीन दिवस तिने पहार मारली. घागर मुरली.

“एक झाड, एक घागर,” राणी म्हणाली. “रान केवढे आहे?”

तरंगिणी रांजणाला टेकून खाली बसली.

“हेच आमचे काम. मेलेले खावे, मातीला परत द्यावे. आमच्या वाटांनी पाणी खाली उतरते. आता तिसरे काम. आम्हांला शिक्षा कशाची, ते पित्याला विचार. मग झाकण उघडायचे की नाही, ते तू ठरव.”

तरंगिणीने राजा वीरकेतूला विचारले. तो म्हणाला, “तू गेलीस त्याच वर्षी तुझ्या आईच्या झोपाळ्याची तुळई यांनी आतून खाल्ली. वरचा रंग शाबूत होता. झोपाळ्यासकट तुझी आई खाली कोसळली आणि गेली. तुला तापाने गेली असे कळवले.”

ती रांजणापाशी परतली. “खरे?”

“खरे. आम्हांला डोळे नाहीत, बाई. वरचे लाकूड खाताना खाली कोण बसले आहे, ते कळत नाही.”

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी पित्यापुढे जाऊन म्हणाली, “तात, झाकण उघडणारी मुद्रा द्या.”

“क्षमा केलीस त्यांना?”

“नाही. पण आईसाठी रान किती दिवस मारायचे?”

राजाने बोटातली मुद्रा काढून दिली.

झाकण उघडले. पांढरी रांग पायऱ्या उतरून रानाकडे निघाली आणि मांत्रिकाचा बंध सुटला. बारा वर्षांचा पाचोळा हळूच खाली बसला. पहिल्या शंभर वाळव्या सुतारपक्ष्याने खाल्ल्या. राणीने तक्रार केली नाही.

तरंगिणीने सुताराची शिडी मागवली. यापुढे दर अमावास्येला राजवाड्यातली प्रत्येक तुळई आपण स्वतः ठोकून पाहायची, पोकळ वाजली तर त्याच दिवशी उतरवायची, असे तिने ठरवले. आणि दुखऱ्या हातांनी पहिली पायरी धरली.