कोंबडे आणि सुना

हॅचरीत कौतिकाबाई कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांचे पंख बघून निवड करायची. मादी टोपलीत, अंडी न देणारे नर मारायच्या पिंपात. त्या दिवशी पिंपच जास्त भरलं, तसे मालक दादासाहेब रणवरे खवळले.

"पैदाशीचे सगळे कोंबडे बदलून टाका!"

तेवढ्यात सुनेच्या वडिलांचा फोन आला. "दुसरीही मुलगीच झाली. घेऊन जा लेकीला," दादासाहेब त्यांच्यावर ओरडले. दादासाहेबांच्या मुलाची पहिली बायकोही मुलीच होतात म्हणून टोमणे ऐकून ऐकून विहिरीत गेली होती.

कौतिकाबाईचा हात थांबला. "मालक, कोंबडे बदलून काय होणार? पिल्लू नर का मादी, ते कोंबडीच्या गुणसूत्रावर ठरतं. हॅचरीत येणाऱ्या तुमच्याच डॉक्टरांनी शिकवलंय."

"बघ! म्हणजे खोट मादीतच. मी तरी काय म्हणतोय?"

"ते पक्ष्यांत, मालक. माणसांत बापाच्या गुणसूत्रावर ठरतं. तुम्ही इथं कोंबडे बदलताय आणि घरी सुना. दोन्हीकडं भलतंच बदलताय."

 दादासाहेबांच्या कानाला लावलेला फोन चालूच होता. पलीकडून सुनेचे वडील शांतपणे म्हणाले, "येतो न्यायला. पहिल्या सुनेच्या वडिलांनाही सोबत आणतो. त्या बाईंना हे त्यांच्यासमोर पुन्हा सांगू द्या."