युद्धपट्टी

भैरवगाव संस्थान इतके लहान होते की महाराजांचा घोडा उधळला तर परक्या मुलखात जाऊनच थांबायचा. तरी महाराजांना शेजाऱ्याशी लढायची हौस आली. घरपट्टी, पाणीपट्टी होतीच. आता हुकूम निघाला, ‘घरटी एक युद्धपट्टी कचेरीत जमा करावी. न देणाऱ्याची अवजारे जप्त होतील.’

ठकूबाई कोष्टिणीचा नवरा मागच्या लढाईत गेला होता. पोटाला आधार एका हातमागाचा. तिने मागावर चार बोटे रुंदीची लांब पट्टी विणली आणि मामलेदारांपुढे ठेवली.

"हे काय?"

"पट्टी. जखमेला बांधायची."

"पट्टी म्हणजे कर, बाई. रुपया काढ, नाहीतर माग उचलतो."

"रुपयाने लढाई होते, रावसाहेब. त्याला माझा हात लागणार नाही. तुमचे चिरंजीव फौजेत आहेत ना?"

"आहेत. मग?"

"माग खुशाल न्या. पण त्यांना लागलं, तर जखमेवर काय बांधाल? रुपया?"

मामलेदारांनी पट्टीची घडी करून ती कोटाच्या खिशात ठेवली आणि पुढच्याला हाक मारली. तोही कोष्टीच होता, आणि त्याच्याही हातात पट्टीच होती.